सोळा मीटर

समुद्राच्या तळाखाली दोन किलोमीटरवर काय दडलंय, हे कुणाच्या बापाने पाहिलेलं नसतं. तरी तिथे तेल किती, गॅस किती आणि त्यातलं वर किती येईल, हे कुणीतरी सांगावंच लागतं. त्या कंपनीत ते काम ताईचं. तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले मोठे साहेबसुद्धा. एकदा बाई ताई झाली की तिची सुटका नाही.

तिचा धाकटा भाऊ मात्र तिच्या कामाची यथेच्छ टर उडवायचा. धाकटा म्हणजे चाळिशी ओलांडलेला नव्वद किलोचा गडी, पण घरातला धाकटा तो धाकटाच. "तू अंदाजपंचे आकडे ठोकतेस आणि पगार घेतेस. मी भोक पाडतो आणि पगार घेतो. खरं काम कुणाचं, सांग बघू!" समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर तो ड्रिलर होता. तीन आठवडे पाण्यावर, तीन आठवडे घरी. आणि या खेपेला तो जी विहीर खोदत होता, ती कुठे खोदायची, किती खोल जायचं आणि वाटेत काय लागेल, हे सगळं ताईच्या नकाशावरून ठरलेलं होतं.

कुणी मुद्दाम घडवून आणलं नव्हतं. रिगवरची माणसं कंत्राटाने येतात, कंत्राटाने जातात. पण ज्या दिवशी तिला हे कळलं, त्या दिवसापासून तिला भीतीने घेरलं. "अगं, तुझ्याच नकाशावर चाललोय, मग भीती कसली?" धाकटा म्हणाला होता. अरे बाबा, त्याचीच तर भीती!

भीती गॅसची. खाली खडकात तेल असतं, तेलाच्या डोक्यावर गॅस बसलेला असतो, आणि तो लाखो वर्षं कोंडलेला असल्यामुळे बाहेर पडायला टपलेलाच असतो. म्हणून खोदताना भोकात सतत एक दाट चिखल भरत राहायचा. रिगवर त्याला मड म्हणतात. त्याच्या वजनाने गॅस खाली दबून राहतो. मड हलका पडला तर गॅस सुसाट वर येतो, आणि वर रिगवर यंत्रं, दिवे, ठिणग्या आणि नव्वद माणसं असतात. पुढचं सांगायला नको.

मग पहिल्यापासून जड मड का नाही भरत, असं कुणीही शहाणा माणूस विचारेल. भरता येत नाही, कारण वरचा खडक ठिसूळ असतो. जड मडने तो तडकतो आणि सगळा मड त्या फटींत गडप होतो. म्हणून हलक्या मडने गॅसच्या जरा वरपर्यंत जायचं, थांबायचं, पोलादी पाइप भोकात उतरवून सिमेंटने पक्का करायचा, मग जड मड भरायचा आणि मगच गॅसला हात घालायचा. ताईचा नकाशा सांगत होता, गॅस दोन हजार दोनशे मीटरवर. म्हणून थांबायचं ठरलं दोन हजार एकशे नव्वदवर. मध्ये दहा मीटर. तीन मजली घराएवढं अंतर, तेही कुणी न पाहिलेल्या जागी. ताईला ते पहिल्यापासून कमीच वाटत होतं, पण ड्रिलिंगवाल्यांपुढे तिचं चाललं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी ऑफिसात गडबड होती. दुसऱ्या दिवशी बाहेरचा तपासनीस येणार, ताईच्या साठ्याच्या आकड्यावर सही करणार आणि मग तो आकडा जाहीर होणार. तपासनीस भलता चिकित्सक. त्याने बारा वर्षांपूर्वीच्या जुन्या विहिरीच्या रोजच्या नोंदी मागवल्या होत्या. नवी विहीर या जुन्या विहिरीच्या शेजारीच होती आणि अख्खा नकाशा त्या एका विहिरीवर बेतलेला होता. कपाळाला आठ्या घालत ताई तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये उतरली. तिथली ट्यूबलाइट फडफडत होती. लोखंडी रॅकमधून तिने गठ्ठा ओढला, धुळीने दोन शिंका दिल्या आणि उभ्याउभ्याच पानं उलटू लागली.

आता या लोकांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. रिगवरची माणसं खोली मोजतात ती पायाखालच्या डेकपासून. ऑफिसातली माणसं मोजतात समुद्राच्या पाण्यापासून. डेक पाण्याच्या वर जितका उंच, तितका आकडा वजा करायचा की झालं. दुसरीतलं पोर करेल अशी वजाबाकी. फक्त प्रत्येक रिगचा डेक वेगळ्या उंचीचा असतो. जुन्या विहिरीच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, डेक चौदा मीटर. गॅस लागला तो डेकपासून दोन हजार दोनशे चौदावर. ताईने चौदा वजा केले, उरले दोन हजार दोनशे. त्यात चुकायचं काय?

एक्केचाळिसाव्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं, वादळामुळे काम थांबवलं, रिग बंदराकडे नेली. ताईने पान उलटलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी, वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईत: दुसरी रिग जागेवर उभी केली, डेक पाण्यापासून तीस मीटर. आणि गॅस लागला होता त्रेसष्टाव्या दिवशी.

ताईने ते पान दिव्याखाली धरून पुन्हा वाचलं. तीस. फाइलवरचा चौदा पहिल्या रिगचा होता, अर्धवट टाकून गेलेल्या रिगचा. गॅस सापडला तो दुसऱ्या रिगवरून. दोन हजार दोनशे चौदातून तीस गेले की उरतात दोन हजार एकशे चौऱ्याऐंशी. गॅस तिच्या नकाशापेक्षा सोळा मीटर वर होता. धाकट्याला थांबायला सांगितलं होतं एकशे नव्वदवर. म्हणजे थांबायच्या आधीच, हलक्या मडने, तो सहा मीटर गॅसच्या आत असणार होता.

फाइल उराशी धरून ती जिना चढली ती कशी चढली हे तिला नंतर आठवेना.

वर तिच्या शेजारच्या टेबलावर दशांश बसायचा. वय एकोणतीस, स्वभाव गोड, पण साधा चहा किती हवा विचारलं तरी "पाऊण कप, पॉइंट सात पाच," म्हणणारा. म्हणून दशांश. ताईने पान त्याच्यासमोर आपटलं. त्याने वाचलं, सकाळचा रिगचा अहवाल उघडला आणि कॅल्क्युलेटर न घेताच म्हणाला, "सकाळी सहाला पाण्याखाली एकवीसशे बावीसवर होते. तासाला बारा मीटर चाललेत. आत्ता पावणेअकरा वाजून गेलेत. ताई, म्हणजे ते..."

"किती?"

"जवळ आहेत," दशांश म्हणाला. पहिल्यांदाच त्याने आकडा सांगितला नाही.

त्या क्षणी फोन उचलायला हवा होता. पण बावीस वर्षांची सवय! पाय आपोआप मोठ्या साहेबांच्या केबिनकडे वळले. त्या दोन मिनिटांसाठी ताई स्वतःला पुढे कधीच माफ करणार नव्हती.

मोठे साहेब वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खात्री आहे?"

"या एका कागदाची आहे."

"एका कागदावर रिग थांबवायची? उद्या आकडा जाहीर होतोय, ताई. साठा बदलणार, नकाशा बदलणार. मी ड्रिलिंगच्या मुख्यांशी बोलतो. ते मिटिंगमध्ये आहेत, अर्ध्या तासात..." तेही घाबरलेच होते, पण त्यांची भीती वेगळ्या दिशेला तोंड करून उभी होती.

"अर्धा तास नाहीये, साहेब," ताई म्हणाली आणि तिने त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला.

रिगवर फोन घेणाऱ्याने सांगितलं, रिगप्रमुख झोपलेत, रात्रपाळी करून. ताई म्हणाली, मग ड्रिलरच्या केबिनला जोडा. तो म्हणाला, "बाई, नातेवाइकांचे फोन तिकडे देत नाही. त्यांची बहीण ना तुम्ही? आवाज ओळखतो मी."

"मी बहीण म्हणून बोलत नाहीये! नकाशावाली बोलतेय. जोड म्हणते ना!"

खरखर झाली. मागे यंत्रांची घरघर, आणि मग धाकट्याचा आवाज. "ताई? इथे कशाला केलास फोन? घरी काही झालं का?"

"किती खोल आहेस?"

"बावीसशे सहा."

बावीसशे सहा! म्हणजे तो कधीच गॅसमध्ये शिरला होता, बावीस मीटर आत, आणि हा बापडा तिच्याशी गप्पा मारतोय. खुर्चीची पाठ घट्ट पकडून ताईने विचारलं, "कुठून मोजून?"

"डेकवरून. आणि कुठून मोजणार? सव्वीसचा डेक आहे आमचा."

बावीसशे सहातून सव्वीस. एकवीसशे ऐंशी. चार मीटर उरले होते. तासाला बारा मीटर म्हणजे वीस मिनिटं.

"थांब. आत्ताच्या आत्ता थांब."

"अगं, दहा मीटर आहेत अजून, मग आपण..."

"गॅस सोळा मीटर वर आहे. माझ्या नकाशात चूक आहे. थांब रे राजा, थांब!"

त्याने पुढे एक अक्षर विचारलं नाही. फोनपासून तोंड वळवून तो कुणावर तरी ओरडला, आणि ताईच्या कानातली घरघर उतरत उतरत बंद झाली. "पंप बंद करून बघतो," तो म्हणाला. पंप बंद केले की भोकातला मड जागच्या जागी स्वस्थ पडायला हवा. पडला तर सगळं ठीक. खालून कुणी ढकलत असेल तरच तो वर येत राहतो. धाकट्याने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

साहेब उभे राहिले होते. दशांश दाराच्या चौकटीला टेकला होता. एसीचं पाणी कुठेतरी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. ताईने फोन इतका घट्ट दाबला होता की कान दुखू लागला. चार मीटर आहेत, ती मनात घोकत होती, चार मीटर आहेत, चार आहेत.

"ताई." आवाज अगदी खाली गेलेला. असा आवाज तिने त्याच्या तोंडून आयुष्यात एकदाच ऐकला होता, बाबा गेले त्या दिवशी. "पंप बंद आहेत. मड येतोय."

मग भोंगा वाजला, लांबलचक, आणि फोन बंद झाला.

चार मीटर उरले होते ते कागदावर. खाली एकही उरला नव्हता.

पुढच्या तासाभरात मोठ्या साहेबांनी जे केलं ते मात्र मान्य करायला हवं. त्यांनी मिटिंगा मोडल्या, माणसं हलवली, बोटी पाठवल्या. बारा वाजता कळलं, धाकट्याने समुद्राच्या तळावरचा मोठा व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला, विहिरीचं तोंड बंद झालं. पण थोडा गॅस आत शिरला होता आणि तो भोकातच अडकून होता. आता जड मड हळूहळू आत सोडून त्याला सावकाश बाहेर काढायचं. एक दिवस लागेल, कदाचित जास्त. तोवर व्हॉल्व्ह टिकला पाहिजे, खडक टिकला पाहिजे. गरज नसलेल्या माणसांना बोटींतून उतरवलं. ड्रिलरची गरज असते. तो तिथेच राहिला.

ताई भावजयीच्या दुकानात गेली. भावजय औषधविक्रेती, चौकातल्या कोपऱ्यावर तिचं छोटं दुकान. ताईचा चेहरा बघूनच तिने हातातली बाटली खाली ठेवली. ताईने कसंबसं सांगितलं, आणि त्या सांगण्यात नकाशाची चूक झाली एवढंच म्हणाली. कुणाची, ते तिने सांगितलं नाही.

भावजयीने शटर ओढलं. दोघी घरी जाऊन बसल्या, फोन मध्ये ठेवून. वाजला की दोघींचा जीव कानात यायचा, आणि निघायची कुणाची तरी चौकशी, नाहीतर गिऱ्हाईक. भावजयीने ताईचा हात धरून ठेवला होता. "तुम्ही फोन केला नसतात तर, ताई? मला तर विचारही करवत नाही. तुमच्यामुळे वाचला तो." थोड्या वेळाने पुन्हा तेच. ताईला प्रत्येक वेळी थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं. आत्ता सांगून हिला अजून कशाला छळू, अशी स्वतःची समजूत घालायची. खोटं होतं ते. त्या वेळी कुणीतरी हात धरून ठेवायला हवा होता, तिलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला फोन आला. साहेब म्हणाले, विहीर शांत झाली, सगळे सुखरूप; आता खालचं भोक सिमेंटने बुजवून पुढच्या महिन्यात बाजूने पुन्हा खोदायचं. पाच मिनिटांनी धाकटा स्वतःच बोलला. "कालपासून अंघोळ नाही. माझा मलाच वास येतोय," एवढंच म्हणाला. भावजय हसता हसता रडायला लागली आणि तिने ताईच्या गळ्यात हात टाकले.

ताईने ते हात सोडवले. "ऐक. तो नकाशा माझा होता. जिने चुकवलं ती मीच. बारा वर्षांपूर्वीचं एक पान मी उलटून पाहिलं नाही. कव्हरवरचा आकडा घेतला आणि वजाबाकी केली."

भावजय उठून आत गेली. आतून भांडी घासण्याचा आवाज आला, नुसती आदळआपट. ताईने चपला पायात घातल्या, परत काढल्या. पळून जावंसं वाटत होतं आणि तेही जमत नव्हतं. आता ही पुन्हा तोंड बघणार नाही माझं, आणि धाकटाही, असं तिला वाटलं, आणि कालच्या दिवसभराच्या भीतीइतकीच ही भीतीही खरी होती.

भावजय ओले हात तसेच घेऊन बाहेर आली. "मी दुकानात चुकीची गोळी दिली, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरसमोर उभा राहतो. मला त्याचं तोंड बघावं लागतं. म्हणून मी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचते. तुमच्या आकड्यासमोर कोण उभं असतं, ताई?"

"तुझा नवरा," ताई म्हणाली.

"तो पुढच्या महिन्यात परत जाणार. त्याच विहिरीवर. मी सांगून ऐकणार नाही. आता तुमचा आकडा बरोबर आहे?"

"आधीपेक्षा बरा आहे."

"बरा आहे का, असं मी नाही विचारलं."

ताईला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, हो म्हणायचं होतं. "खात्री नाही," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी म्हणत होते, तर ऐंशीलाच गॅस लागला. सगळं तपासलं तरी दोनचार मीटर इकडेतिकडे होणारच. कायम असंच असतं. आम्ही कुणाला सांगत नाही, एवढंच."

"मग तुम्हीही जा," भावजय म्हणाली. "ती विहीर पुन्हा गॅसमध्ये शिरेल त्या दिवशी तुम्ही त्याच डेकवर, त्याच्या शेजारी उभ्या असल्या पाहिजेत. मग काढा काय आकडे काढायचे ते."

ताईला पोहता येत नव्हतं. बावीस वर्षं समुद्राखालची मापं काढली, पण ती कधी साध्या होडीतही बसली नव्हती. तरीही ती "हो" म्हणाली आणि घरी गेली.

तपासनिसाला तिने ते पान दिलं, त्यावर स्वतःच्या हाताने लिहून की ही चूक माझी आहे. साठ्याचा आकडा लांबणीवर पडला. धाकटा घरी आला, जेवून गेला. त्याने नकाशाचा विषयच काढला नाही, आणि त्याने टर उडवली नाही हेच ताईला जास्त लागलं. तिने नवा नकाशा केला, थांबायची जागा दहाऐवजी चाळीस मीटर वर धरली, ड्रिलिंगवाल्यांशी कडकडून भांडली आणि या वेळी जिंकली. मग रिगवर जाण्याचा अर्ज घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "तिथे तुमचं काय काम, ताई? फोन आहे की."

"घाबरायचं काम आहे," ताई म्हणाली. "इथे बसून ते नीट होत नाही."

साहेबांनी हेलिकॉप्टरची यादी पुढे ओढली आणि पेन उघडलं. "यांना प्रत्येकाचं वजन लागतं. तुमचं किती लिहू?"

ताईने आकडा सांगायला तोंड उघडलं, आणि तशीच थांबली.

"वजनकाटा मागवा," ती म्हणाली. "मोजूनच लिहू."